सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या रीडमी, लायसन्स, चेंजलॉग या फायली कशासाठी असतात आणि त्या नेमक्या कुठे ठेवतात?

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जा. तळाशी 'अबाउट फोन' दिसेल. त्यात 'लीगल इन्फॉर्मेशन' आणि त्याच्या आत 'थर्ड पार्टी लायसन्सेस' असं काहीतरी सापडेल. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण पान असतं. ते उघडलं की एक भलीमोठी यादी येते. स्क्रोल करून बोट दुखेल, पण यादी संपणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे वाचतं कोण? खरं सांगायचं तर जवळपास कुणीच नाही. तरीही फोन बनवणारी प्रत्येक कंपनी हे पान न चुकता ठेवते, कारण ते काढून टाकलं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या कागदपत्रांचाच हा एक प्रकार आहे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी असते, मिक्सरच्या बॉक्समध्ये मॅन्युअल आणि वॉरंटी कार्ड असतं, तशाच प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत काही फायली येतात. त्या कोणत्या, त्यांची जागा कोण ठरवतं आणि जागा चुकली तर काय होतं, ते समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात फायलींची आणि फोल्डरची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील.

आधी पॅकेज म्हणजे काय ते बघू

एखादं सॉफ्टवेअर म्हणजे एकच फाइल नसते. चालणारा प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगच्या फायली, चित्रं, भाषांतरं आणि माहितीच्या फायली असा सगळा संसार असतो. हा संसार एकत्र बांधून, त्यावर नाव आणि आवृत्ती लिहून जे गाठोडं तयार होतं, त्याला पॅकेज म्हणतात.

लिनक्सच्या जगात हे काम 'डिस्ट्रिब्युशन' करतात. त्यातलंच एक जुनं आणि मोठं नाव म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याची घोषणा केली. उबुंटू हे डेबियनच्याच पायावर उभं आहे. डेबियनमध्ये हजारो पॅकेजेस आहेत आणि ती जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात. एवढी माणसं एकमेकांना न भेटता काम करतात म्हटल्यावर कुठली फाइल कुठे ठेवायची याचे नियम लिहून ठेवावेच लागतात. डेबियनने ते 'डेबियन पॉलिसी' नावाच्या दस्तऐवजात लिहिले आहेत आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण डॉक्युमेंटेशनवर आहे. म्हणून हा विषय समजून घ्यायला डेबियनचं उदाहरण सगळ्यात सोयीचं पडतं.

कोणत्या फायली असतात?

सोर्स कोडचं कुठलंही फोल्डर उघडलं तर मोठ्या अक्षरांत लिहिलेली काही नावं हमखास दिसतात. यातल्या बऱ्याच नावांचा रिवाज ग्नू प्रकल्पाने पक्का केला.

- रीडमी: नावातच 'मला वाचा' आहे. हे सॉफ्टवेअर काय आहे, कशासाठी आहे, सुरुवात कुठून करायची, हे यात असतं.
- इन्स्टॉल: कोडपासून सॉफ्टवेअर तयार कसं करायचं, त्याच्या पायऱ्या.
- लायसन्स किंवा कॉपीइंग: हे सॉफ्टवेअर वापरायची, बदलायची आणि वाटायची परवानगी कोणत्या अटींवर आहे, ते.
- ऑथर्स: कुणी लिहिलं, त्यांची नावं.
- चेंजलॉग: कधी काय बदललं, त्याची तारीखवार नोंद. जमिनीच्या बाबतीत तलाठ्याकडची फेरफार नोंदवही जे काम करते, तेच हिचं काम.
- न्यूज: चेंजलॉगमधलं सगळं न देता वापरणाऱ्याला कळायला हवेत असे मोठे बदल तेवढे.
- एक्झाम्पल्स: नमुन्याच्या फायली. बऱ्याच लोकांना वर्णन वाचण्यापेक्षा नमुना बघून जास्त कळतं.

यातली प्रत्येक फाइल वेगळ्या माणसासाठी आहे. रीडमी नवख्या माणसासाठी, इन्स्टॉल सॉफ्टवेअर बांधणाऱ्यासाठी, न्यूज आधीपासून वापरणाऱ्यासाठी आणि लायसन्स सगळ्यांसाठी. हे सगळं एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबलं तर कुणालाच आपल्या कामाचं सापडत नाही. म्हणून त्या वेगळ्या ठेवतात.

मॅन पेज: १९७१ पासून चालत आलेली सोय

युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती तयार केली. त्यात प्रत्येक कमांडसाठी एक पान होतं आणि पानांची विभागणी आकड्यांच्या विभागांत होती.

ती पद्धत आजही टिकून आहे. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव टाकलं की त्या कमांडची माहिती समोर येते. इंटरनेट लागत नाही. विभाग १ मध्ये रोजच्या कमांड, विभाग ५ मध्ये फायलींची रचना, विभाग ८ मध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या कमांड, अशी वाटणी असते.

डेबियनचा नियम आहे की प्रत्येक कमांडसाठी मॅन पेज असायला हवं आणि ते त्याच पॅकेजमध्ये किंवा ते पॅकेज ज्यावर अवलंबून आहे अशा पॅकेजमध्ये असायला हवं. पान नसेल तर 'लिंटियन' नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम लगेच बोट दाखवतो.

मग बाकीच्या फायली कुठे जातात?

सुरुवातीला लिनक्समध्ये ज्याचं त्याचं वेगळं होतं. एका डिस्ट्रिब्युशनमध्ये माहिती एका फोल्डरमध्ये, दुसऱ्यात दुसरीकडेच. हा गोंधळ मिटवायला फेब्रुवारी १९९४ मध्ये एक सामाईक ठराव आला. कोणती फाइल कुठे ठेवायची याचा तो नकाशाच होता. पुढे १९९७ मध्ये तो 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' या नावाने सुधारून आला. थोडक्यात त्याला एफएचएस म्हणतात. त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ ची आहे.

या नकाशानुसार डॉक्युमेंटेशनची जागा आहे '/यूएसआर/शेअर/डॉक'. आता यातला 'शेअर' कशासाठी? प्रोग्रॅमची फाइल प्रोसेसरप्रमाणे बदलते. इंटेलच्या मशीनवर चालणारी फाइल एआरएमच्या मशीनवर चालत नाही. रीडमी मात्र कुठल्याही मशीनवर तीच राहते. मशीन बदललं तरी न बदलणाऱ्या आणि त्यामुळे अनेक मशीनमध्ये वाटून वापरता येतील अशा फायली 'शेअर'मध्ये जातात. मॅन पेजेसही तिथेच, '/यूएसआर/शेअर/मॅन'मध्ये.

डेबियनचे नियम काय सांगतात?

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला '/यूएसआर/शेअर/डॉक'च्या आत स्वतःच्या नावाचं फोल्डर मिळतं. पॅकेजचं नाव माहीत असलं की माहिती कुठे आहे ते शोधावं लागत नाही. नियमांमधले महत्त्वाचे मुद्दे असे:

१. कॉपीराइट फाइल सक्तीची आहे. प्रत्येक पॅकेजमध्ये 'कॉपीराइट' नावाची फाइल हवी आणि तिच्यात कॉपीराइटची व लायसन्सची माहिती जशीच्या तशी हवी. बाकी मोठ्या फायली जागा वाचवण्यासाठी दाबून ठेवतात, पण ही फाइल दाबायला परवानगी नाही. कुणालाही, कुठल्याही साध्या साधनाने ती उघडून वाचता आली पाहिजे.

२. तोच मजकूर हजार वेळा नको. जीपीएलसारखी काही लायसन्स हजारो पॅकेजना लागू असतात. त्यांचा पूर्ण मजकूर '/यूएसआर/शेअर/कॉमन-लायसन्सेस'मध्ये एकदाच असतो. पॅकेजची कॉपीराइट फाइल त्याकडे बोट दाखवते.

३. दोन चेंजलॉग असतात. एक मूळ लेखकांचा, दुसरा डेबियनच्या माणसांनी पॅकेज बांधताना केलेल्या बदलांचा. काही बिघडलं तर बदल मुळात झाला की बांधणीत, हे यावरून कळतं.

४. निरुपयोगी फायली टाकायच्या नाहीत. सॉफ्टवेअर कोडपासून कसं तयार करायचं, ही माहिती तयार पॅकेजमध्ये लागत नाही. तयार इडलीच्या पाकिटात पीठ आंबवायची कृती टाकण्यासारखंच ते.

५. नमुने वेगळे. उदाहरणाच्या फायली 'एक्झाम्पल्स' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये जातात.

६. प्रोग्रॅम डॉक फोल्डरवर अवलंबून नको. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. '/यूएसआर/शेअर/डॉक'मधल्या सगळ्या फायली उडवल्या तरी सॉफ्टवेअर चालायलाच हवं. एखादी फाइल प्रोग्रॅमलाही लागत असेल आणि माणसाच्याही वाचायच्या कामाची असेल, तर ती दुसरीकडे ठेवायची आणि डॉक फोल्डरमध्ये तिचा फक्त दुवा द्यायचा.

७. माहिती मोठी असेल तर वेगळं पॅकेज. शेकडो पानांचं मॅन्युअल प्रत्येकाला नको असतं. अशा वेळी नावाच्या शेवटी 'डॉक' लावलेलं वेगळं पॅकेज करतात. ज्याला हवं तो ते घेतो.

फोल्डर बदलायचं ठरलं आणि

हे नियम आज सरळ वाटतात, पण एकदा ठरलेली जागा बदलणं किती अवघड असतं ते डेबियनने अनुभवलं आहे.

आधी डेबियनचं डॉक्युमेंटेशन '/यूएसआर/डॉक'मध्ये असायचं. एफएचएस स्वीकारायचं ठरल्यावर ते '/यूएसआर/शेअर/डॉक'मध्ये न्यावं लागणार होतं. फोल्डर तर हलवायचं आहे, त्यात काय एवढं? पण पॅकेजेस हजारो, प्रत्येकाचा सांभाळणारा माणूस वेगळा आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. मधल्या काळात काही पॅकेजची माहिती जुन्या जागी, काहींची नव्या जागी, अशी अवस्था होणार होती. वापरणाऱ्याला दोन ठिकाणी शोधावं लागलं असतं.

यावर १९९९ मध्ये चांगलाच वाद झाला. शेवटी प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेलं. समितीने मधला मार्ग काढला. फायली नव्या जागी न्यायच्या आणि जुन्या जागी प्रत्येक पॅकेजसाठी नव्या जागेचा दुवा ठेवायचा. म्हणजे जुन्या पत्त्यावर जाणाऱ्यालाही माहिती मिळणार. सगळी पॅकेजेस नव्या जागी गेली की मग सावकाश ते दुवे काढून टाकायचे. पुढे तसंच झालं.

दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर नव्या पत्त्याची पाटी लावतात ना, तोच हा उपाय.

लायसन्सची फाइल काढली तर काय होतं?

आता सुरुवातीच्या न संपणाऱ्या यादीकडे येऊ. ओपन सोर्स सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फुकट मिळतं, पण त्याला अटी असतात. एमआयटी लायसन्सची अट आहे की कॉपीराइटची सूचना प्रत्येक प्रतीसोबत गेली पाहिजे. बीएसडी लायसन्स तर सांगतं की तयार प्रोग्रॅम वाटताना ही सूचना त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये किंवा सोबतच्या साहित्यात छापा. म्हणजे इथे डॉक्युमेंटेशन हा थेट कायदेशीर अटीचा भाग आहे.

ही अट कागदावरच राहते का? अमेरिकेतल्या एका खटल्याने याचं उत्तर दिलं. रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ. खेळण्यातल्या रेल्वेचे मॉडेल कॉम्प्युटरवरून चालवण्याचं 'जेएमआरआय' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर ते आणि इतर स्वयंसेवक मिळून बनवत होते. याच क्षेत्रातल्या एका कंपनीच्या उत्पादनात या सॉफ्टवेअरच्या फायली वापरल्या गेल्या. पण लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना, कॉपीइंग फाइलचा उल्लेख आणि काय बदल केले याची नोंद त्यात नव्हती.

खालच्या कोर्टाने जेकबसन यांची मनाई हुकुमाची मागणी फेटाळली. ते अपिलात गेले. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने खालच्या कोर्टाचा निर्णय रद्द केला. सॉफ्टवेअर फुकट वाटलं म्हणून त्याच्या अटींना किंमत नाही असं होत नाही, त्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं कोर्टाने स्पष्ट केलं. २०१० मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड करून प्रकरण मिटवलं.

यातली मेख लक्षात घ्या. जेकबसन आणि त्यांच्या सोबत्यांना या कामाचा पगार नव्हता. त्यांच्या कष्टांचा मोबदला म्हणजे फायलीतलं त्यांचं नाव आणि पाळलेल्या अटी. ती फाइल काढणं म्हणजे मोबदलाच काढून घेणं.

मग जागा वाचवायला माहिती काढतात, त्याचं काय?

आजकाल सर्व्हरवर 'कंटेनर' वापरतात. एकेक ॲप आपापल्या छोट्या डब्यात चालतं. अशा शेकडो डब्यांच्या प्रती काढल्या जातात, त्यामुळे डबा जितका लहान तितका बरा. मॅन पेज वाचायला तिथे कुणी बसलेलं नसतं. मग पहिली कुऱ्हाड डॉक्युमेंटेशनवर पडते.

डेबियनच्या 'स्लिम' नावाच्या कंटेनर प्रतींमध्ये '/यूएसआर/शेअर/डॉक' आणि मॅन पेजेस वगळलेली असतात, पण प्रत्येक पॅकेजची कॉपीराइट फाइल मात्र राखून ठेवलेली असते. उबुंटूच्या 'मिनिमल' प्रतींमध्येही असाच प्रकार असतो आणि काढलेली माहिती परत आणायची असेल तर त्यासाठी 'अनमिनिमाइझ' नावाची कमांड आहे.

रेड हॅट आणि फेडोराच्या पॅकेजेसमध्ये आधी लायसन्सची फाइल 'डॉक' याच खुणेखाली यायची. त्यामुळे 'डॉक्युमेंटेशन नको' असा पर्याय निवडून इन्स्टॉल केलं की लायसन्सही गायब. म्हणून तिथे 'लायसन्स' अशी वेगळी खूण आली आणि त्या फायली '/यूएसआर/शेअर/लायसन्सेस'मध्ये जायला लागल्या. आता माहिती वगळली तरी लायसन्स राहतं.

डेबियनचा सहावा नियम का महत्त्वाचा, ते इथे कळतं. डॉक फोल्डर उडवलं आणि त्यामुळे सर्व्हर बंद पडला, असं व्हायला नको.

सगळं गुगलवर मिळतं, मग हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण वेबसाइटवरची माहिती बहुतेक वेळा सगळ्यात नव्या आवृत्तीची असते. तुमच्या मशीनवर मात्र दोन-तीन वर्षं जुनी आवृत्ती असू शकते. डेबियनच्या स्थिर आवृत्त्या साधारण दोन वर्षांनी येतात, त्यामुळे हे तिथे नेहमीचंच आहे. वेबसाइटवर वाचून टाकलेला पर्याय तुमच्याकडच्या आवृत्तीत नसेल तर कमांड चालत नाही. तोच पर्याय जुन्या आवृत्तीत वेगळं काही करत असेल तर नुकसानही होतं. पॅकेजसोबत आलेली माहिती त्याच आवृत्तीची असते.

दुसरं म्हणजे नेटवर्कच बिघडलं असेल तर ते दुरुस्त करायची माहिती नेटवर शोधणार कशी? आणि तिसरं, वेबसाइट बंद पडतात. पॅकेजमधली फाइल पॅकेज असेपर्यंत राहते.

तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर बनवत असाल तर

कॉलेजचा प्रोजेक्ट असो की गिटहबवर टाकलेलं छोटं काम, एवढं नक्की करा:

- रीडमीच्या पहिल्या दोन ओळींत हे काय आहे ते सांगा. लोगो आणि शाबासक्या नंतर.
- लायसन्सची फाइल पहिल्या दिवशीच टाका. ती नसेल तर कायद्याने दुसऱ्याला तुमचा कोड वापरण्याची परवानगी मिळालेलीच नसते.
- दुसऱ्याचा कोड घेतला असेल तर त्याचं नाव आणि लायसन्स सोबत ठेवा.
- मोठी माहिती 'डॉक्स' फोल्डरमध्ये, नमुने 'एक्झाम्पल्स'मध्ये ठेवा.
- चेंजलॉगमध्ये 'बग फिक्स केले' एवढंच लिहू नका. काय बदललं आणि वापरणाऱ्याला काय करावं लागेल, ते लिहा.
- फाइलचं नाव प्रचलित ठेवा. 'लायसन्स'ऐवजी काहीतरी कल्पक नाव दिलं तर माणसाला सापडत नाही आणि तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमलाही नाही.

यात मराठीसाठी जागा आहे का?

आहे. एफएचएसने मॅन पेजेससाठी भाषेप्रमाणे वेगळी फोल्डर ठेवायची सोय केली आहे. जर्मन पानं 'डीई'मध्ये, फ्रेंच 'एफआर'मध्ये जातात. मराठीचा आंतरराष्ट्रीय कोड 'एमआर' आहे, त्यामुळे मराठीत लिहिलेल्या पहिल्या विभागाच्या पानाची जागा '/यूएसआर/शेअर/मॅन/एमआर/मॅन१' अशी आधीच ठरलेली आहे. कॉम्प्युटरची भाषा मराठी असेल तर 'मॅन' कमांड आधी तिथे बघते आणि पान मिळालं नाही तर इंग्रजी पान दाखवते.

म्हणजे कुणी मराठीत एक पान लिहिलं, तर ते कुठे ठेवायचं आणि लोकांना सापडेल कसं, हे प्रश्न सुटलेलेच आहेत. त्यासाठी कुणाची वेगळी परवानगी नको, नवं सॉफ्टवेअर नको. फक्त पान लिहायचं काम उरतं.